शेडमधून टेबलापर्यंत : सीमाशुल्क आणि व्यापार धोरणात शिरायचं असेल तर

सीमाशुल्क खात्यातल्या नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात मी एक कंटेनर उघडला. कागदावर ‘सायकलचे सुटे भाग’ असं लिहिलं होतं. आत चौकटी, चाकं, हँडल, साखळ्या, सगळं खोक्यांत नीट रचलेलं. मी मोठ्या रुबाबात तपासणी अहवालात लिहिलं, ‘हे सुटे भाग नसून सायकली आहेत.’ वरिष्ठांनी अहवाल वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “सीट होत्या?” मला आठवेना. “पेडल?” तेही आठवेना. “चौकटी किती, चाकं किती?” मोजलीच नव्हती. ते म्हणाले, “म्हणजे तुला काय वाटलं ते तू लिहिलंस. काय पाहिलंस ते लिही. जा, परत उघड.”

परत उघडला. चौकटी ४००, चाकं ८००, हँडल ४००, सीट एकही नाही. माझा निष्कर्ष बदलला नाही, पण आता त्याला पाय फुटले होते. पहिल्या अहवालाच्या जोरावर आम्ही त्या आयातदाराशी पाच मिनिटंही भांडू शकलो नसतो.

एकवीस वर्षांपैकी बारा मी माल तपासायच्या शेडमध्ये आणि असेसमेंटच्या, म्हणजे शुल्क ठरवण्याच्या, टेबलावर काढली, उरलेली नऊ व्यापार करारांच्या वाटाघाटी करणाऱ्या चमूत. त्यामुळे नवी मुलं मला हमखास एकच प्रश्न विचारतात : सीमा सुरक्षेत जावं की व्यापार धोरणात? प्रश्नातच चूक आहे असं मला वाटतं. ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत. एका टोकाला कंटेनरचं सील तोडणारा माणूस, दुसऱ्या टोकाला करारातल्या स्वल्पविरामावर रात्रभर घासाघीस करणारा माणूस. दोघांना एकमेकांचं काम कळत नसेल तर दोघंही मार खातात. म्हणून खाली जे सांगतेय ते दोन्ही टोकांसाठी आहे.

माणसं की माल

एवढं मात्र सुरुवातीलाच ठरवा. सीमेवरून दोन गोष्टी जातात, माणसं आणि माल. पासपोर्ट, व्हिसा, गस्त, घुसखोरी हे माणसांचं काम; त्याची भरती वेगळी, शारीरिक चाचणी वेगळी, स्वभावही वेगळा लागतो. मालाचं काम सीमाशुल्काचं, म्हणजे कस्टम्सचं. काही देशांनी दोन्ही एका छपराखाली आणलं आहे : अमेरिकेत आणि कॅनडात २००३ साली, ऑस्ट्रेलियात २०१५ साली. तिथे एकाच गणवेशात दोन्ही कामं दिसतात. तरी आतली विभागणी राहतेच. व्यापार धोरणाकडे जाणारी वाट मालाच्या बाजूनं जाते. मला माणसांच्या बाजूचा अनुभव नाही, तेव्हा त्याबद्दल बोलत नाही.

आणि सिनेमातलं चित्र डोक्यातून काढून टाका. दिवसातला बराच वेळ कागद वाचण्यात जातो : इनव्हॉइस (विक्रीचं बिल), पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीनं दिलेली मालाची पावती), ओरिजिनचा दाखला (माल कुठल्या देशाचा ते सांगणारा). हे चार कागद शेजारी ठेवून त्यांतली विसंगती शोधण्यात ज्याला मजा येत नाही त्यानं दुसरीकडे जावं. पॅकिंग लिस्टमध्ये वजन बारा टन, कंटेनरच्या वजनपावतीवर साडेनऊ. उरलेले अडीच टन कुठे गेले? हा प्रश्न पडून ज्याला चहा गोड लागत नाही, तो आमचा माणूस.

तीन प्रश्न

जगातल्या कुठल्याही बंदरात, विमानतळावर, रस्त्यावरच्या चौकीत मालाला तीनच प्रश्न विचारले जातात. हे काय आहे? याची किंमत किती? हे कुठलं आहे? वर्गीकरण, मूल्यांकन, ओरिजिन. शुल्क त्यावर ठरतं, बंदी त्यावर ठरते, करारातली सवलतही त्यावरच ठरते. पहिलं वर्षभर दुसरं काहीही शिकला नाहीत तरी चालेल, हे तीन पक्के करा. त्यातही पहिला.

‘हे काय आहे’ याचं उत्तर द्यायला सगळं जग एकच पुस्तक वापरतं : हार्मोनाइज्ड सिस्टिम, बोलताना नुसतं एचएस. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेनं ते तयार केलं आणि १ जानेवारी १९८८ पासून ते लागू आहे. २१ विभाग, ९७ प्रकरणं, त्यातलं ७७ वं पुढच्या उपयोगासाठी मुद्दाम रिकामं ठेवलेलं. पहिले सहा आकडे सगळ्या जगात सारखे, पुढचे ज्याच्या-त्याच्या देशाचे. दर काही वर्षांनी पुस्तक बदलतं. २०२२ च्या आवृत्तीत स्मार्टफोन, ड्रोन आणि ई-कचरा यांना स्वतःची जागा मिळाली; पुढची आवृत्ती २०२८ मध्ये लागू होते आहे. म्हणजे आत्ता शिकायला बसलात तर तुमची शिकण्याची पहिली काही वर्षं या बदलातच जातील. ती पर्वणी समजा. जुन्याजाणत्यांनाही तेव्हा पुस्तक नव्यानं उघडावं लागतं.

कोड पाठ करू नका. मी पाठ केले होते, दोन आवृत्त्यांनंतर त्यातले निम्मे डोक्यातून काढायला जास्त कष्ट पडले. पाठ करायचे ते पुस्तकाच्या सुरुवातीचे सहा नियम, तेही क्रमानं. कारण क्रम हाच नियम आहे. पहिला नियम सांगतो की हेडिंगचे (म्हणजे चार आकडी कोडसमोरच्या वर्णनाचे) शब्द आणि विभागाच्या-प्रकरणाच्या टिपा यांवर निर्णय होतो. प्रकरणांची शीर्षकं फक्त सोयीसाठी असतात. पहिल्यानं सुटलं नाही तरच पुढे जायचं. नवी मुलं थेट तिसऱ्या नियमावर, म्हणजे एक वस्तू दोन हेडिंगांत बसते तेव्हाच्या नियमावर, उडी मारतात, कारण त्यात ‘मूळ गुणधर्म’ हा भारदस्त शब्द आहे आणि त्यावर वाद घालायला छान वाटतं.

दुसरा नियम माझ्या सायकलींचा. अपुरी किंवा न जोडलेली वस्तू, जर पूर्ण वस्तूचा मूळ गुणधर्म तिच्यात आलेला असेल, तर पूर्ण वस्तूच धरायची. सीट नसली म्हणून सायकलचं सायकलपण जात नाही, तेव्हा तो माल ८७१२ मध्ये, सायकलींच्या हेडिंगमध्ये, गेला. पण समजा चौकटी या जहाजानं आल्या आणि चाकं पुढच्या महिन्याच्या जहाजानं आली तर? नियम बघतो ते तपासणीसाठी एकत्र हजर केलेल्या मालाकडे. चलाख आयातदार हे वाक्य तुमच्याआधी वाचून बसलेला असतो.

शब्दांवर किती पैसे अवलंबून असतात हे समजायला तीन खटले वाचाच. पहिला १८९३ चा, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातला. भाजीवर शुल्क होतं, फळावर नव्हतं. टोमॅटो काय? वनस्पतिशास्त्र सांगतं फळ. न्यायालय म्हणालं, बाजारात आणि स्वयंपाकघरात लोक त्याला भाजी समजतात, म्हणून भाजी. आजही एचएसमध्ये टोमॅटो सातव्या प्रकरणात, भाज्यांतच बसलेला आहे. दुसरा २००३ चा, अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयातला : कॉमिक्समधल्या महाशक्तीच्या पात्रांच्या प्लास्टिकच्या मूर्ती ‘बाहुल्या’ की ‘खेळणी’? बाहुली म्हणजे फक्त माणसाची प्रतिकृती, आणि बाहुलीवर शुल्क जास्त. कंपनीनं न्यायालयाला पटवलं की ही पात्रं माणसं नाहीतच. तो फरक पुढे एचएसच्या २००७ च्या आवृत्तीत पुसला गेला, बाहुल्या आणि खेळणी एकाच हेडिंगमध्ये आली.

तिसरा फोर्डचा. १९६० च्या दशकात कोंबडीच्या मांसावरून युरोप-अमेरिकेत भांडण झालं आणि अमेरिकेनं उलट वार म्हणून हलक्या ट्रकवर २५ टक्के शुल्क लावलं. कोंबडीचं भांडण कधीच विझलं, ट्रकचं शुल्क राहिलं. फोर्डनं तुर्कस्तानात बनवलेल्या व्हॅन मागे सीट लावून प्रवासी गाडी म्हणून २.५ टक्क्यांनी आणल्या आणि बंदर ओलांडल्यावर सीट काढून टाकल्या. २०१९ मध्ये अपिलात फोर्ड हरली, २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. या खटल्यात वर्गीकरण आहे, धोरण आहे, आणि सूड साठ वर्षांच्या घरात कसा पोचतो तेही आहे.

सराव कसा करायचा? रोज एक वस्तू हातात घ्या आणि तिचा सहा आकडी कोड शोधा. शिट्टी बसवलेला टॉर्च. चामड्याचा पट्टा असलेलं घड्याळ. मग अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याचा ‘क्रॉस’ हा निर्णयसंग्रह किंवा युरोपीय संघाचा ‘बाइंडिंग टॅरिफ इन्फर्मेशन’चा (वर्गीकरणाच्या बंधनकारक निर्णयांचा) संग्रह उघडा. दोन्ही सगळ्यांना मोफत बघता येतात. वस्तूचं वर्णन वाचा, उत्तरावर हात ठेवा, आपलं उत्तर कारणासकट लिहा, मग हात काढा. सहा महिने हे केलंत तर कुठल्याही पदविका अभ्यासक्रमापेक्षा जास्त शिकाल. मी ज्या दोन मुलांना हा नाद लावला ती आज मला शिकवतात.

किंमत आणि ओरिजिन

मूल्यांकनावर मी इथे फार थांबत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकन करारात सहा पद्धती आहेत आणि पहिली, म्हणजे प्रत्यक्ष व्यवहारात दिलेली किंमत, हीच बहुतेक वेळा लागू होते. ‘इतका स्वस्त असूच शकत नाही’ हे कारण कायद्यात बसत नाही. शंका असेल तर आयातदाराला खुलासा विचारायचा असतो. खरी गंमत आठव्या कलमात आहे, किमतीत काय काय मिळवायचं त्याची यादी. एकदा प्लास्टिकच्या डब्यांचं इनव्हॉइस फारच हलकं वाटलं. खोटं नव्हतं. पण डबे ज्या साच्यात ओतले ते साचे खरेदीदारानंच कारखान्याला फुकट दिले होते, आणि साच्यांची किंमत कुठेच धरली नव्हती. हे कळलं ते जुन्या निर्यातीच्या नोंदी चाळताना, साचे बाहेर गेल्याची ओळ दिसली म्हणून.

ओरिजिन हा मात्र धोरणाचा दरवाजा आहे. शर्टाचा विचार करा : कापूस एका देशाचा, सूत दुसऱ्यात कातलं, कापड तिसऱ्यात विणलं, शिलाई चौथ्यात. शर्ट कुठला? उत्तर करारागणिक बदलतं. एखादा करार म्हणतो शिलाई झाली तो देश, दुसरा म्हणतो सुतापासून पुढचं सगळं आमच्याच सदस्य देशांत झालं पाहिजे. उत्तर अमेरिकेतल्या जुन्या करारात मोटारीच्या किमतीचा ६२.५ टक्के भाग त्याच प्रदेशातला लागत असे. २०२० साली लागू झालेल्या नव्या करारानं तो टप्प्याटप्प्यानं ७५ वर नेला. बातमीत ‘करार झाला, शुल्क शून्य’ एवढंच येतं. शून्य कुणाला मिळणार ते ओरिजिनच्या परिशिष्टात असतं, आणि ते परिशिष्ट वाचणारी माणसं सगळीकडेच कमी आहेत. नोकरी शोधताना हे लक्षात ठेवा.

कोड जे सांगत नाही

आता सुरक्षा. इथे नवशिके फसतात ते असं समजून की कोड बरोबर म्हणजे माल सरळ. ॲल्युमिनियमच्या नळ्या ७६०८ या हेडिंगमध्ये जातात. शिडीच्या नळ्याही तिथेच, आणि युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजला लागणाऱ्याही तिथेच. फरक कळतो तो ताकदीवरून आणि व्यासावरून : २० अंश सेल्सियसला ४६० मेगापास्कल किंवा जास्त ताण सहन करू शकणारी मिश्रधातू आणि ७५ मिलिमीटरच्या वरचा बाहेरचा व्यास असेल, तर ती नळी अणुपुरवठादार गटाच्या यादीत येते. हे आकडे एचएसमध्ये नाहीत. ते निर्यात नियंत्रणाच्या याद्यांत आहेत, आणि त्या याद्या वाचणं हा वेगळा अभ्यास आहे.

त्यासाठी चार गट ओळखून ठेवा : अणुसाहित्यासाठी अणुपुरवठादार गट, रासायनिक-जैविक गोष्टींसाठी १९८५ चा ऑस्ट्रेलिया ग्रुप, क्षेपणास्त्रांसाठी १९८७ ची एमटीसीआर व्यवस्था, आणि शस्त्रं व दुहेरी उपयोगाच्या वस्तूंसाठी १९९६ चा वासेनार करार. या सगळ्यांच्या मागे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा २००४ चा ठराव १५४० उभा आहे, जो प्रत्येक देशाला निर्यातीवर आणि सीमेवर नियंत्रण ठेवायला बांधतो. तो ठराव आला त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर २००३ मध्ये, ‘बीबीसी चायना’ नावाचं जहाज इटलीच्या तारांतो बंदरात वळवण्यात आलं. लिबियाकडे निघालेल्या त्या जहाजात सेंट्रिफ्यूजचे हजारो भाग होते. यंत्राचे भाग, तेही माझ्या सायकलींसारखे खोक्यांत रचलेले. ते सापडले ते आधी मिळालेल्या खबरीमुळे. स्कॅनरच्या चित्रात ते इतर यंत्रभागांसारखेच दिसले असते.

याच ओघात धोरण कसं फसतं त्याचंही उदाहरण देते. २००७ साली अमेरिकेनं कायदा केला की तिकडे येणारा प्रत्येक कंटेनर परदेशी बंदरातच, जहाजावर चढण्याआधी स्कॅन झाला पाहिजे, २०१२ पर्यंत. मुदत वाढत गेली आणि ते कधीच झालं नाही. शेडमध्ये एक पाळी काढलेला कुणीही सांगू शकला असता : स्कॅनर बसवायला जागा, चित्र वाचायला माणसं, संशय आला तर कंटेनर बाजूला काढायला यार्ड, आणि दुसऱ्या देशाची परवानगी, हे कुठून आणणार? म्हणून जगभर जोखीम बघून निवड होते. कोण पाठवतंय, मार्ग सरळ आहे का, हा आयातदार हा माल आधी कधी आणत होता का. सगळं उघडण्यापेक्षा कुठलं उघडायचं हे ठरवणं अवघड आहे, आणि डेटा हाताळणाऱ्या मुलांना आज सगळ्यात जास्त वाव तिथे आहे.

तुम्हाला आकड्यांत रस असेल तर एक प्रयोग करा. संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या डेटाबेसमधून एका वस्तूची ‘अ’ देशानं ‘ब’ला केलेली निर्यात काढा आणि ‘ब’नं ‘अ’कडून केलेली आयात काढा. दोन्ही जुळायला हवेत. जुळणार नाहीत. निर्यात साधारणपणे भाडं-विमा सोडून नोंदवतात, आयात ते धरून, तेव्हा थोडा फरक रास्त आहे. मधल्या बंदरातून माल फिरला तरी फरक पडतो. हे सगळं वजा करून जो खड्डा उरतो तिथे कुणीतरी काहीतरी लपवतंय, किंवा कुणीतरी नोंद करताना डुलकी काढतंय. कुठल्याही मुलाखतीत असा एक स्वतः केलेला तक्ता घेऊन गेलात तर तुमचं प्रमाणपत्र कुणी विचारणार नाही.

टेबलाची बाजू

शेडमधून मी वाटाघाटींच्या चमूत गेले तेव्हा आजूबाजूला अर्थशास्त्रातले डॉक्टर आणि कायद्याचे पदवीधर होते. पहिले तीन महिने मी गप्प होते. चौथ्या महिन्यात कुणीतरी मसुद्यात लिहिलं, ‘मालाचा प्रत्येक नग तपासून ओरिजिनची खात्री केली जाईल.’ मी विचारलं, “स्क्रूचं खोकं आलं तर?” तेव्हापासून मसुदे माझ्याकडे येऊ लागले.

धोरणाच्या बाजूला यायचं तर जागतिक व्यापार संघटनेची मूळ कागदपत्रं वाचा, त्यांच्यावरची पुस्तकं नंतर. १९४७ च्या गॅट कराराची (मालाच्या व्यापाराच्या मूळ जागतिक कराराची) सहा कलमं पुरेत : पहिलं, म्हणजे सगळ्या सदस्यांना सारखी वागणूक, दुसरं, कबूल केलेल्या शुल्काची मर्यादा, तिसरं, देशी मालाच्या बरोबरीची वागणूक, अकरावं, आयात-निर्यातीच्या संख्येवर बंधनांना मनाई, विसावं, सर्वसाधारण अपवाद, आणि एकविसावं, सुरक्षेचा अपवाद. या शेवटच्या कलमाला सत्तर वर्षं कुणी न्यायनिवाड्यात हात लावला नव्हता. एप्रिल २०१९ मध्ये, युक्रेनच्या मालाला रशियानं वाट अडवल्याच्या वादात, व्यापार संघटनेच्या पॅनेलनं (वाद ऐकणाऱ्या समितीनं) पहिल्यांदा सांगितलं की ‘सुरक्षा’ म्हटल्यावर प्रश्न संपत नाही, आम्ही तपासू शकतो. आणि तपासून रशियाचा अपवाद त्या परिस्थितीत मान्य केला. सीमा सुरक्षा आणि व्यापार धोरण एकाच वाक्यात कसे भेटतात हे बघायला तो अहवाल वाचा. त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून संघटनेचं अपील मंडळ सदस्यांअभावी बंद पडलं आहे, हेही लक्षात असू द्या.

पण माझा लाडका वाद २००५ चा. पुन्हा कोंबडीच. ब्राझील आणि थायलंड युरोपला गोठवलेलं, हाडं काढलेलं कोंबडीचं मांस पाठवत होते, थोडं मीठ लावून. युरोपच्या कबूल केलेल्या यादीत ‘मीठ लावलेल्या’ मांसावर १५.४ टक्के शुल्क होतं, नुसत्या गोठवलेल्यावर पुष्कळच जास्त. काही वर्षं युरोपच्या कस्टम्सनं १.२ टक्के मीठ असलं की ‘मीठ लावलेलं’ मानलं. मग २००२ मध्ये युरोपनं पवित्रा बदलला : मीठ टिकवण्यासाठी लावलेलं असलं पाहिजे, नुसतं असून भागणार नाही. प्रकरण अपील मंडळापर्यंत गेलं आणि युरोप हरला. ‘मीठ लावलेलं’ या शब्दांत ‘टिकवण्यासाठी’ असं कुठे म्हटलंय, हा सवाल. युरोपच्या बंदरांतल्या कारकुनांनी वर्षानुवर्षं फायलींवर काय लिहिलं होतं, तेसुद्धा त्या सुनावणीत पुरावा म्हणून आलं. शेडमध्ये कंटाळून लिहिलेली ओळ एक दिवस जिनिव्हात वाचली जाऊ शकते.

लिहायला शिका

म्हणून या क्षेत्रात लिहिता येणं हे मी बळाच्या, भाषांच्या, डेटाच्याही वर ठेवते. बैरुतच्या बंदरातल्या गोदामात २,७५० टन अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं पडून होतं. ते २०१३ मध्ये आलेल्या जहाजातून उतरवलेलं होतं. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी त्याबद्दल पत्रं पाठवली होती, एकदा नव्हे, अनेकदा. माल हलला नाही. ४ ऑगस्ट २०२० ला स्फोट झाला आणि दोनशेवर माणसं गेली. तिथे कुणाचं काय चुकलं हा निवाडा मी करणार नाही. पण त्यानंतर मी माझ्या हाताखालच्या मुलांची धोक्याच्या मालावरची टिपणं बदलली. पहिल्या ओळीत माल आणि वजन. दुसऱ्या ओळीत काय होऊ शकतं, साध्या शब्दांत. तिसऱ्या ओळीत कुणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत करायचं. पार्श्वभूमी त्याखाली. आणि त्या तारखेला उत्तर आलं नाही तर टिपण एक पायरी वर जातं, त्याच विषयाचं स्मरणपत्र म्हणून त्याच टेबलावर परत जात नाही.

शिरायच्या वाटा

सरकारी खात्याची परीक्षा ही एक वाट, सगळ्यांना माहीत असलेली. मला दुसरी वाट कमी लेखली जाते असं वाटतं : कस्टम्स ब्रोकरच्या (आयातदारांचे कागद खात्यात भरून देणाऱ्याच्या) किंवा फ्रेट फॉरवर्डरच्या (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्याच्या) ऑफिसात दोन वर्षं. पगार बेताचा, फोन रात्रीही वाजतो, पण इतक्या प्रकारचा माल आणि इतक्या प्रकारचे कागद दुसरीकडे कुठेच हाताखालून जात नाहीत. इनकोटर्म्सच्या (भाडं, विमा, जोखीम विकणाऱ्यावर की घेणाऱ्यावर हे ठरवणाऱ्या) अकरा अटी तिथे आपोआप पाठ होतात. त्यानंतर मोठ्या कंपन्यांचे ट्रेड कम्प्लायन्स (व्यापाराचे कायदे पाळले जातात ना ते बघणारे) विभाग तुम्हाला शोधत येतात; निर्बंध आणि निर्यात नियंत्रण कळणारा माणूस त्यांना हवाच असतो. वकिली, सल्लागार संस्था, वाणिज्य मंत्रालयं, अभ्याससंस्था या वाटा त्यापुढे फुटतात. ब्रुसेल्सला किंवा जिनिव्हाला जायची इच्छा असेल तर इंग्रजीसोबत फ्रेंच आतापासून धरा. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या अधिकृत भाषा या दोनच, व्यापार संघटनेत स्पॅनिश तिसरी. दोन्ही संघटनांचे ऑनलाइन पाठ आहेत. व्यापार संघटनेचे कुणीही करू शकतं, आणि ते बरे आहेत.

आमिषाबद्दल कुणी मोकळं बोलत नाही, म्हणून मी बोलते. पैशांचं पाकीट घेऊन कुणी येत नाही, निदान पहिल्या वर्षी नाही. येतो तो ओळखीचा झालेला माणूस, तुमच्या मुलाच्या प्रवेशाची चौकशी करतो, पावसात गाडीनं घरी सोडतो. तिसऱ्या वेळी फाइलचा विषय निघतो. माझा एक सहकारी असाच एका लिफ्टपासून सुरू झाला, आणि त्याची चौकशी लागली तेव्हा त्यालाही नेमकं सांगता येईना की हे कधी सुरू झालं. सीमाशुल्क संघटनेची १९९३ ची अरुशा घोषणा, सचोटीबद्दलची, खात्यांनी काय करावं ते नीट सांगते. तुम्ही स्वतःपुरतं एवढं करा : ज्याचा माल तुमच्या टेबलावर आहे त्याच्या गाडीत बसायचं नाही, पाऊस असला तरी.

आता मी मुलाखती घेते तेव्हा टेबलावर एक छत्री ठेवते. लांब, जाड दांड्याची, मूठ काठीसारखी वळलेली, मिटल्यावर टेकून चालता येईल अशी. विचारते, “ही छत्री की काठी?” बरेच उमेदवार लगेच तिसऱ्या नियमावर जातात. मूळ गुणधर्म, प्राथमिक उपयोग, पाऊस किती दिवस पडतो, एकानं तर दांड्याच्या वजनाचं गुणोत्तर मांडलं. गेल्या खेपेला एका मुलीनं छत्री उचलली, उघडली, काड्या मोजल्या, मिटली, आणि म्हणाली, “मॅडम, पुस्तक बघू का?” सहासष्टावं प्रकरण काढलं आणि ६६०१ चं हेडिंग मोठ्यानं वाचलं. त्यात स्पष्टच लिहिलंय : छत्र्या, चालण्याच्या काठीच्या छत्र्यांसह. तिनं पुस्तक मिटलं आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसली.